मुक्ताबाईचा थांबा

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही. मुक्ताबाई हिवाळे शवपेटीत डोळे मिटून पडली होती आणि पाळकसाहेब माईकवरून सांगत होते की आपली ही बहीण स्वभावाने अत्यंत शांत, सौम्य आणि मितभाषी होती. कळंबोलीच्या त्या लहानशा चर्चमध्ये दाटीवाटीने बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर भर मयतात हसू फुटलं असतं. मितभाषी म्हणे! लोखंड बाजाराच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या ट्रक ड्रायव्हरला 'भाकरी गार झाली रे मेल्या' म्हणून बोलावणारी बाई. क्रेनवाले तिला भोंगा म्हणायचे, अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचा अभिमान होता.

पुढच्या बाकावरची पुतळाबाई मात्र हळूच म्हणालीच. म्हणजे तिच्या मते हळूच. "ह्यो कोनाचं सांगतोय? आत आपलीच बाय हाय ना?"

पुतळाबाई ही हिवाळ्यांची पहिली घरमालकीण. गावठाणातली आगरी बाई, घरात खंडोबा, पण मुक्ताबाईच्या मैत्रीपायी मंडळीतल्या निम्म्या ख्रिस्ती माणसांपेक्षा जास्त वेळा चर्चमध्ये आलेली. शेजारी बसलेल्या मैत्रीने तिचा हात दाबला. मैत्री म्हणजे मुक्ताबाईची एकुलती एक लेक, लग्न होऊन जुईनगरला गेलेली.

"मावशी, गप ना."

"गप काय? जाताना तरी तिचं खरं बोला."

हार्मोनियमपाशी बसलेल्या रावसाहेबांचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. मुक्ताबाईचा नवरा, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेला फिटर, आणि या मंडळीत पहिल्या दिवसापासून हार्मोनियम वाजवणारा माणूस. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. उपदेश संपला की मयताचं गाणं. आणि ते गाणं आज बरोबर वाजवायचं. आभाळ कोसळलं तरी बरोबर. बायको गेल्याचं दुःख होतंच, ते काही कुठे पळून जात नव्हतं. पण आयुष्यभर चाललेली एक कुस्ती अर्धी राहिली होती, आणि आता समोरचा गडी उठून शड्डू ठोकणार नव्हता.

तर आता त्या गाण्याची भानगड सांगायलाच हवी.

गाणं चार कडव्यांचं. साधी चाल, शेंबड्या पोरानेही म्हणावी अशी. दर कडव्याची तिसरी ओळ 'पाण्यापल्याड दिवा दिसतो', आणि श्वाससुद्धा न तोडता लगेच चौथी, 'तेथे माझ्या बापाचे घर'. लहानपणी नगरला गुरुजींनी रावसाहेबांना हे गाणं हातावर छडी मारून मारून शिकवलं होतं. जिथे जिथे म्हणून ते गाणं गातात तिथे ते असंच गातात. एक कळंबोली सोडून.

कळंबोलीला तेव्हा चर्च नव्हतं. नगर-श्रीरामपूरकडून पोटासाठी आलेली मूठभर कुटुंबं होती आणि उपासना व्हायची हिवाळ्यांच्या खोलीत. खोली पुतळाबाईच्या चाळीतली, लोखंडाच्या गोदामाला पाठ लावून. मुक्ताबाई तिथेच भाकऱ्या थापून ड्रायव्हर-क्लीनरांना जेवू घालायची. रविवारी स्टोव्ह पलंगाखाली, सतरंजी मधोमध, झालं चर्च. खोली देताना पुतळाबाईने विचारलं होतं, "रविवारी तुमी लोक काय करता?"

"गातो," मुक्ताबाई म्हणाली.

"मग आमाला पन ऐकू येल असं गा."

ही अट घालायची काहीच गरज नव्हती. मुक्ताबाई गायला लागली की गाव ऐकायचं. ट्रकांच्या आवाजावर मात करून करून तिचा गळा असा काही तयार झाला होता की सुराला तिथे आत शिरायला जागाच उरली नव्हती. पण गाणं धरायची तीच. दुसरं कोणी धरलं तर ऐकू येत नसे.

मंडळीतलं पहिलं मयत झालं ते ज्ञानूबाबांचं. म्हातारा गेला तो नेमका सोमवारी, बाजार ऐन भरात असताना. खोलीत मयत, भोवती माणसं, रावसाहेब हार्मोनियमवर, आणि मुक्ताबाईने गाणं धरलं. तिसरी ओळ संपली, 'पाण्यापल्याड दिवा दिसतो', आणि भिंतीपलीकडे क्रेनने सळयांचा भारा सोडला. धडाम! भांडी हलली. ज्ञानूबाबांच्या नाकातला कापूससुद्धा हलला, असं पुतळाबाई आजही शपथेवर सांगते.

"थांबा," मुक्ताबाईने हात वर केला. "त्यांचं होऊ द्या."

सळयांचा खणखणाट विरला, तिने चौथी ओळ धरली, सगळे तिच्यामागून गायले. दुसरं कडवं, तिसरी ओळ, धडाम. तिसऱ्याला तेच. त्या क्रेनवाल्याला चाल पाठ होती की सैतानाने त्याच्या कानात सांगितलं, देव जाणे. चारही कडव्यांना ठरल्या जागी भारा पडला आणि चारही वेळा मंडळी थांबली.

पुढचं मयत झालं ते सुट्टीच्या दिवशी. बाजार बंद, चिटपाखरूही नव्हतं. रावसाहेब मनातून खूश, आज नीट होणार. तिसरी ओळ झाली. मुक्ताबाई थांबली. अख्खी मंडळी थांबली. रावसाहेबांची बोटं एकटीच पुढे गेली आणि नवरदेवाच्या पुढे धावणाऱ्या घोड्यासारखी त्यांची शोभा झाली.

घरी आल्यावर त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड.

"मुक्ते, तिथे थांबायचं नसतं!"

"मग त्या दिवशी थांबलो ते?"

"त्या दिवशी सळया पडल्या होत्या!"

"लोकांना सवय झाली आता. मयताच्या दिवशी कुठे त्यांना नवीन शिकवत बसू? माणूस रडतो, नाक पुसतो, जरा थांबायला मिळालं तर काय बिघडलं?"

"चूक ती चूक!"

"असू दे. माझी आहे. तुमच्याकडे मागायला आले का दुरुस्तीला?"

तेव्हापासून हे चालू. रावसाहेबांनी मंडळीला बसवून शिकवलं, गुरुजींची शपथ घातली, एकदा तर रुसून हार्मोनियमला हातच लावला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. शिकवणीला सगळे बरोबर गायचे आणि मयताला मुक्ताबाई थांबली की मेंढरांसारखे थांबायचे. पुढे मंडळीचं स्वतःचं चर्च झालं, गोदामापासून लांब, तरी थांबा काही हलला नाही. उलट तो वाढत गेला, कारण मुक्ताबाईला त्याचा उपयोग सापडला होता. भर मयतात, त्या थांब्यात, ती सगळी कामं उरकून घ्यायची. "पंखा वाढवा." "रखमे, डोक्यावरून पदर घे, पडशील उन्हाने." "म्हातारीला पाणी द्या कोणीतरी." आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, नवऱ्याला, "मास्तर, भाता!" कारण रावसाहेब त्या थांब्यात रागाने हात आखडून बसत, हार्मोनियमचा भाता गळून जाई आणि पुढचा सूर दमेकऱ्यासारखा निघे. मास्तर, भाता, की रावसाहेब दातओठ खात भाता मारत, की मुक्ताबाई चौथी ओळ धरे. थांबा किती लांबवायचा हे तीच ठरवायची. समोर रडणाऱ्या बायकोचा, आईचा, लेकाचा हुंदका ओसरेपर्यंत ती पुढे जात नसे. हे रावसाहेबांच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर त्यांनी ते मुद्दाम कबूल केलं नाही.

मजा म्हणजे आत्ताचे पाळकसाहेब. चार वर्षांपूर्वी या मंडळीत आले, पहिल्याच मयताला तो थांबा बघून, त्यातली पंख्या-पाण्याची ओरड कानाआड करून, गहिवरले आणि पुढच्या रविवारी त्यावर उपदेश ठोकला. मृत्यूच्या नदीकाठी श्रद्धावंत मंडळी कशी पवित्र स्तब्धता पाळते, वगैरे वगैरे. मुक्ताबाई घरी येऊन इतकी हसली की कवळी निघून ताटात पडली. "मास्तर, सळयांची स्तब्धता हो! लोखंड बाजाराला कळवा, म्हणावं तुमच्यावर उपदेश झाला."

"आता तरी त्यांना खरं सांग."

"कशाला? बिचाऱ्याला आवडलंय."

अशी ती. प्रार्थना करायची ती तर पंचायतीच्या खिडकीवर भांडल्यासारखी. "हे बापा, परवाच सांगितलं होतं, अजून काही झालेलं नाही. मी पुन्हा येणार नाही सांगायला." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कावीळ झालेल्या कुठल्याशा क्लीनरला मालकाने रस्त्यात टाकून दिला, तर याच बाईने त्याला घरात आणून बरा होईपर्यंत ठेवला. त्याची सेवा करताना दिवसभर त्याला शिव्याच घातल्या, पण पलंग त्याला देऊन स्वतः जमिनीवर झोपली. नाताळात करंज्या आधी पुतळाबाईकडे जायच्या, मग पाळकसाहेबांकडे. मैत्रीने आपल्या मनाने लग्न ठरवलं तेव्हा रावसाहेब फुरंगटून बसले, आणि हिने जावयाला पहिल्याच भेटीत विचारलं, "भाकरी थापता येते का? नाही? मग शीक, माझी पोर आळशी आहे." मैत्री आजही सांगते, त्या एका वाक्याने तिचं लग्न टिकलं.

एकदा असंच गाण्यावरून भांडण पेटलं आणि रावसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "तू मरशील ना, तेव्हा तुझ्या मयताला मी ते बरोबर वाजवून दाखवीन!"

दुसरी बाई असती तर डोळ्याला पदर लावून बसली असती. मुक्ताबाई म्हणाली, "वाजवा. मी उठून बसेन."

मग तो दोघांचा खेळच झाला. भाजीत मीठ जास्त पडलं तरी रावसाहेब म्हणायचे, थांब, तुझ्या मयताला बघतो. ती म्हणायची, उठून बसेन. शेवटी किडन्यांनी हात टेकले, हॉस्पिटलात नळ्या लागल्या, बाईचा भोंगा पार कुजबुजीवर आला, तेव्हाही तिने बोटाने खूण करून नवऱ्याला जवळ बोलावलं. रावसाहेबांना वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलेल.

"मास्तर," ती म्हणाली, "आता तुमचंच राज्य. घ्या वाजवून."

त्यानंतर ती बोलली नाही.

"...आता आपण गीत गाऊ या," पाळकसाहेब माईकवरून म्हणाले.

रावसाहेबांनी भाता मारला. समोर शवपेटी उघडी होती. मैत्रीने आईला तिची आवडती मोरपंखी साडी नेसवली होती आणि नाकावर चष्माही चढवला होता, कारण चष्म्याशिवाय ती आईसारखी दिसतच नव्हती. त्या चष्म्याआड मुक्ताबाईचा चेहरा असा होता जसं काही ती हसू दाबून पडली आहे. बघू या, वाजवा, म्हणणारा. रावसाहेब मनात म्हणाले, मुक्ते, आज नाही ऐकणार तुझं.

पहिलं कडवं सुरू झालं. एक ओळ, दोन ओळी, तिसरी, 'पाण्यापल्याड दिवा दिसतो', आणि रावसाहेबांची बोटं श्वास न तोडता चौथीवर गेली. गुरुजींची छडी सार्थकी लागली. पण मंडळी? मंडळी थांबली. काही तरुण पोरं हार्मोनियमच्या मागे धावली, मग आपण एकटेच गातोय असं बघून गप्प झाली. काही बायकांनी मागाहून सुरुवात केली आणि त्याही वरमल्या. बापाचे घर बिचारं दहा तोंडांनी दहा ठिकाणी पडलं.

"ओ मास्तर!" पुतळाबाईला राहवेना. "थांबा कुठं गेला? बाय इथं थांबायची ना!"

"मावशी!" मैत्री.

रावसाहेबांनी मान वर केली नाही. दुसरं कडवं. तेच. तिसरी ओळ, बोटं पुढे, मंडळी मागे. चौथी ओळ हार्मोनियमने एकट्याने म्हटली, अगदी बरोबर, एक सूरही इकडचा तिकडे नाही. आयुष्यभर ज्यासाठी भांडले ते गाणं आज रावसाहेबांनी जिंकलं होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. जिला ऐकवायचं होतं तिने चष्म्याआडून डोळासुद्धा उघडला नाही. उठून बसेन म्हणाली होती. खोटारडी.

तेव्हा रावसाहेबांना कळलं की आपण बरोबर वाजवायला आलोच नव्हतो. आपण तिला उठवायला आलो होतो. ती चिडेल, ओरडेल, मास्तर, मास्तर करेल, म्हणून या म्हाताऱ्याने दोन कडवी तिची खोडी काढली होती.

तिसरं कडवं सुरू झालं. पाण्यापल्याड दिवा दिसतो. रावसाहेबांनी हात उचलला.

मंडळी थांबली. सगळी, एकदम, जशी नेहमी थांबायची. कोणीतरी नाक पुसलं. पंखा घरघरत होता. पाळकसाहेबांनी भक्तिभावाने डोळे मिटले, त्यांची पवित्र स्तब्धता आली होती ना. सगळे वाट बघत राहिले.

आणि थांबा संपेना.

कारण संपवणार कोण? चौथी ओळ धरणारी आत पडली होती. रखमेने मैत्रीकडे बघितलं, मैत्रीने पुतळाबाईकडे, पुतळाबाईने छताकडे. इतक्या मयतांना गायलेली ही मंडळी, पण त्या जागेवरून पुढे कसं जायचं हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. मैत्रीचा हुंदका फुटला. ती रडत होती आणि थांबा तिच्यासाठी थांबून राहिला होता. पंखा वाढवा म्हणायला कोणी नव्हतं. म्हातारीला पाणी द्या म्हणायला कोणी नव्हतं. रावसाहेबांच्या हाताखाली भाता गळून गेला, अगदी चपटा झाला, आणि ते कान देऊन बसले होते. एकदा म्हण. एकदाच म्हण मुक्ते, मी पुन्हा कधी तुझी चूक काढणार नाही.

मैत्रीचा हुंदका हळूहळू ओसरला. पुतळाबाईने तिला पाण्याची बाटली दिली.

मग रावसाहेबांनी तोंड उघडलं. आता एक सांगायला हवं, या माणसाला गायची बंदी होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मुक्ताबाईने सांगून ठेवलं होतं, तुम्ही फक्त वाजवा, तुमच्या आवाजाने म्हशी आटतील. ती बंदी त्यांनी जन्मभर पाळली होती. त्या बंद गळ्यातून आधी गाणं निघालंच नाही. निघालं ते असं, फाटक्या आवाजात, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं.

"मास्तर, भाता!"

पाळकसाहेबांनी दचकून डोळे उघडले. रावसाहेबांचा डावा हात सवयीने हलला, भाता भरला, दमेकरी सूर निघाला, आणि त्या सुराला अजिबात न जुळणाऱ्या आवाजात म्हाताऱ्याने चौथी ओळ धरली. तेथे माझ्या बापाचे घर. पुतळाबाई त्यांच्यामागून सगळ्यात आधी उठली, मग मैत्री, मग अख्खी मंडळी, आणि इतक्या मोठ्याने आणि इतकं बेसूर गायली की मुक्ताबाई असती तर तिला आपलाच आवाज वाटला असता.

सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. चौथ्या कडव्याला रावसाहेबांनी हात उचलला आणि थांबा चांगला लांबवला. तिने कधी लांबवला नव्हता इतका लांबवला. त्यांना कोणीही घाई केली नाही.